न वाजवता बुटीक गिटार अ‍ॅम्प मागवताय?

अंधेरी-बोरिवलीत राहून मॅचलेस किंवा टू-रॉकचा अ‍ॅम्प वाजवून बघायला मिळणं म्हणजे नशीबच. मग यूट्यूबवर ऐकायचं आणि लाखो रुपये मोजायचे! मागवा, पण आधी मागच्या पट्टीचा फोटो मागा. तिथे '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर अ‍ॅम्प थेट लावायचा नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर त्यावर जास्त तापतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं एक्स्पोर्ट मॉडेलच घ्या.

आवाजाचं म्हणाल, तर बहुतेक बुटीक सर्किट्स फेंडर, मार्शल, व्हॉक्सच्या घराण्यातलीच. मॅचलेस डीसी-३० चं मूळ व्हॉक्स एसी-३० मध्ये आहे. एखाद्या जॅमरूममध्ये एसी-३० असेल तर तासभर भाड्याने घेऊन मनसोक्त वाजवा, अंदाज येतो.

आणि ३० वॉटचा व्हॅल्व्ह अ‍ॅम्प सोसायटीच्या फ्लॅटमध्ये? निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. व्हॅल्व्हवर जोर येऊन आवाज फुटायला लागण्याआधी शेजारचे काका दारात हजर! स्पीकरपर्यंतचा जोर कमी करणाऱ्या अ‍ॅटेन्युएटरचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.