सांधा लपवायचा की दाखवायचा?

माझे बाबा सुतार आहेत. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘स्वतःचा धंदा’ असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. ही गोष्ट आज आठवायचं कारण म्हणजे एक खुर्ची.

दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर मला त्या खुर्चीचा फोटो दिसला. चार पाय, वेताने विणलेली बैठक, आणि पाठ व दोन्ही हात मिळून लाकडाचं एकच अर्धगोल वळण. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, “एवढं वळण एका लाकडात काढलं तर मोडतंय बघ. जोड कुठं दिलीय ह्यानं?” मला जोड दिसतच नव्हती. बाबांनी बोट ठेवलं. पाठ जिथे हाताला मिळते तिथे करवतीच्या दातांसारखी एक नागमोडी रेघ होती. “झाकली नाही की! उघडी ठेवलीय.”

एवढ्यावरून मी त्या खुर्चीच्या कर्त्याचा शोध घेतला. त्यांचं नाव हान्स वेग्नर. जन्म २ एप्रिल १९१४, गाव टोंडर. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे, पण वेग्नर जन्मले तेव्हा ते जर्मनीत होतं. १९२० साली तिथे सार्वमत झालं. गावातल्या बहुसंख्य लोकांचा कौल जर्मनीकडे होता, पण मोजणी सगळ्या विभागाची एकत्र धरली गेली आणि टोंडर डेन्मार्कला मिळालं. आपल्या बेळगावच्या वाचकांना अशा गावाची जास्त ओळख करून द्यायला नको!

वेग्नर यांचे वडील चांभार होते. चौदाव्या वर्षी हान्स गावातल्याच एका सुताराकडे उमेदवारीला लागले आणि सतराव्या वर्षी कारागीर झाले. पुढे कोपनहेगनला जाऊन त्यांनी कलाशाळेत फर्निचरचं शिक्षण घेतलं. म्हणजे आधी रंधा आणि पटाशी, मग कागद-पेन्सिल. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आर्ने याकोब्सन आणि एरिक म्योलर या वास्तुविशारदांकडे त्यांनी ऑरहूस शहराच्या नगरभवनाच्या फर्निचरवर काम केलं आणि १९४३ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं. त्याच सुमारास चीनमधल्या मिंग काळातल्या खुर्च्या त्यांच्या अभ्यासात आल्या. पाठ आणि हात एकाच वळणात गुंफायची कल्पना त्यांनी तिथून घेतली आणि दर नव्या खुर्चीत काहीतरी कमी करत ती साधी केली.

आता त्या गोल खुर्चीकडे येऊ. ती १९४९ ची. योहान्स हान्सेन यांच्या कार्यशाळेत ती तयार झाली. पाठ आणि हात यांचे तुकडे वेगवेगळे घडवून जोडावे लागत होते. पहिल्या खुर्च्यांत वेग्नरनी पाठीवर वेत गुंडाळला, म्हणजे सांधे त्याखाली झाकले जात. दिसायला ते छानच होतं. पण वर्षभरातच त्यांनी वेत काढून टाकला आणि दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा दातेरी सांधा दिला, तोही उघडा.

यात नुसती हौस नाही. बाबांनी मला दोन काटक्या घेऊन समजावलं. लाकूड आडवं कापलं की त्याचं तोंड सरस नीट धरत नाही. दाते पाडले की तिरप्या बाजू मिळतात, सरसाला जागा जास्त मिळते आणि पकड घट्ट होते. पण हे दाते केसभर जरी चुकले तरी फट दिसते. वेताखाली ती लपली असती. उघड्या सांध्यात चूक लपवायला जागाच नाही.

त्याच वर्षी वेग्नरनी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या पाठीची खुर्चीही रेखाटली. १९५० पासून ती आजतागायत बनते आहे. तिच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती हातानेच विणतात.

गोल खुर्ची जगभर गाजली ती २६ सप्टेंबर १९६० ला. त्या दिवशी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवर पहिली जाहीर चर्चा झाली आणि केनेडी या खुर्चीत बसले होते. केनेडींना पाठीचा त्रास होता, हेही लक्षात घ्या. वेग्नरनी आयुष्यात ५०० हून अधिक खुर्च्या रेखाटल्या. २००७ मध्ये कोपनहेगनला त्यांचं निधन झालं. टोंडरच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यात आज त्यांच्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते, पण हात पॉलिश पेपरवरच होता. शेवटी एवढंच विचारलं, “चौदाव्या वर्षी लागला म्हणतोस? मीबी तेव्हाच लागलो.” आणि पुन्हा कामाला लागले.

या जूनमध्ये पुढच्या वर्षाचा फॉर्म भरला. तोच रकाना आला. या वेळी मी लिहिलं : सुतारकाम.