नीरीला आधी बोलवा

नागपुरात १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हे तिचे काम होते. १९७४ मध्ये तिची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी झाली. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. तेव्हापासून कारखान्यांनी पाणी नासवले की न्यायालये वारंवार नीरीकडे वळली. उदयपूरजवळच्या बिछडी गावात रंगउद्योगासाठी लागणारे एच-आम्ल बनत असे. सुमारे ३७५ टन आम्लामागे २,४४० टन विषारी गाळ निघाला, विहिरींचे पाणी गेले. ३५० हेक्टर जमीन बाधित झाल्याचे नीरीने मोजले आणि त्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला. शुद्धीकरणासाठी कंपन्यांनी भरायचे सदतीस कोटींहून अधिक रुपये मात्र २०११ पर्यंत थकले होते. नीरीचे मोजमाप चोख होते, पण ते झाले विहिरी गेल्यावर. एक टन मालामागे साडेसहा टन गाळ देणारी प्रक्रिया मुळात का चालू द्यावी, हा प्रश्न परवानगीच्या वेळी विचारण्याचा होता.

आपले नियमन आजही तो प्रश्न विचारत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मुख्यतः नळातून काय बाहेर पडते आणि धुराड्यातून काय निघते ते पाहते. आत कोणते विष किती वापरले आणि त्याला पर्याय होता का, याचा हिशेब मागत नाही. त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला. शिक्षेचा धाक कमी करायचा असेल, तर प्रतिबंध अधिक भक्कम हवा.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८९ मध्ये नेमके हेच केले. विषारी रसायने मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्यांनी वापराचा वार्षिक हिशेब द्यायचा आणि तो घटवण्याची योजना आखायची. योजना अमलात आणण्याची मात्र सक्ती नाही. मदतीला लोवेलच्या विद्यापीठात संशोधन संस्था उभी केली. विषारी कचरा निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट दशकभरात गाठले गेले. आपल्याकडे त्या संस्थेचे काम नीरीला देता येईल.

लहान कारखाने यात भरडले जातील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच तिथे दहापेक्षा कमी कामगारांचे कारखाने वगळले आहेत. व्यापारी गुपिते फुटतील, हा आक्षेप तितका टिकत नाही: सविस्तर योजना कारखान्यातच राहते, सरकारकडे सारांश जातो. सर्वांत अवघड आक्षेप नीरीविषयीच आहे. आपल्याकडे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल प्रकल्पवाल्याच्या पैशांनी होतो आणि असे अहवाल नीरीही करते. मग तिच्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवायचा? यावरही मॅसॅच्युसेट्सचाच मार्ग आहे. रसायने वापरणाऱ्यांकडून राज्याने शुल्क घ्यावे आणि त्यातून संस्थेला निधी द्यावा, म्हणजे तिचे मानधन एखाद्या कारखान्याच्या हातात राहणार नाही. महाराष्ट्राने सुरुवात नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगणा या औद्योगिक वसाहतींपासून करावी. नीरी नागपुरातच आहे. पुढचे संमतीपत्र देताना रसायनांच्या वापराचा हिशेब मागावा आणि तो तपासण्याचे काम तिच्याकडे द्यावे.