भेटीआधीची प्रश्नावली

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर शिकायचं म्हटलं की विमान, व्हिसा आणि लाखांचा खर्च डोळ्यांसमोर येतो. यातलं काहीच न लागणारी एक वाट आहे. दोन देशांतले दोन प्राध्यापक आपापल्या अभ्यासक्रमातले काही आठवडे जोडून घेतात आणि दोन्हीकडची मुलं मिश्र गटांत एकच काम करतात. न्यू यॉर्क राज्य विद्यापीठाने यासाठी २००६ साली ‘कॉइल’ हे केंद्र सुरू केलं.

नुसता व्हिडिओ कॉल जोडून मात्र भागत नाही. नाव, गाव, आवडता पदार्थ सांगून झाला की सगळे गप्प. यावरचा सर्वांत सुंदर तोडगा मला अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘कुल्तुरा’ प्रकल्पात दिसतो. तो १९९७ साली सुरू झाला. तिथली फ्रेंच शिकणारी मुलं आणि फ्रान्समधली मुलं आधी एकच प्रश्नावली भरतात, आपापल्या भाषेत. एखादा शब्द वाचला की मनात काय येतं, एवढंच लिहायचं. मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवतात. ‘व्यक्तिवाद’ या शब्दापुढे अमेरिकन मुलांनी स्वातंत्र्य लिहिलं, फ्रेंच मुलांनी स्वार्थ. शब्दकोशात दोन्हीकडे शब्द तोच! इथे ‘असं का?’ हा प्रश्न आपोआप उठतो आणि खरं बोलणं सुरू होतं. स्वतःच्या भाषेत लिहायची मुभा मला फार मोलाची वाटते. इंग्रजीला बिचकणारं मूलही तिथे पूर्ण विचार मांडतं.

पुढे गटकाम. उदाहरणार्थ, पुणे आणि बर्लिन यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात, अंतर साडेतीन तासांवर येतं आणि बेसावध गटाची भेट हुकते. वेळापत्रक आखणं, कामं वाटून घेणं, तीन दिवस उत्तर न देणाऱ्या जोडीदाराला न दुखावता आठवण करणं: उद्या कुठल्याही नोकरीत लागणारं कसब मुलं इथे कमावतात.

शेवटी प्रत्येकाने लिहायचं: माझा गैरसमज कुठे झाला आणि तो कसा सुटला? वेळ नाही म्हणून नेमकं हेच गाळलं जातं. मग नोकरीच्या मुलाखतीत ‘छान अनुभव होता’ यापलीकडे मुलाला काही सांगता येत नाही.

शिक्षकांनो, परदेशातला एक सहकारी, एक वर्ग आणि दहा शब्दांची प्रश्नावली, एवढ्यावर येत्या सत्रात सुरुवात करा.