नेढ्याकडचं बोट, टोकाकडचं बोट

हाताने गोधडी शिवताना सुई दोन्ही टोकांनी छळते. ढकलणाऱ्या बोटात नेढं रुततं आणि कापडाखालच्या बोटाला टोक टोचतं. शिवताना बोटावर घालायच्या टोपीचा, म्हणजे अंगुस्तानाचा, इतिहास चाळला तर कारागिरांनी आपली बहुतेक अक्कल नेढ्याकडच्या बोटासाठी खर्च केलेली दिसते. टोकाकडचं बोट मात्र उघडंच राहिलं.

जर्मनीतलं न्यूरेंबर्ग हे शतकानुशतकं पितळी अंगुस्तानांचं मोठं केंद्र होतं. हॉलंडहून इंग्लंडला आलेल्या जॉन लॉफ्टिंगने १६९३ मध्ये अंगुस्तानं बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पूर्वी पृष्ठभागावरचे खळगे हाताने एकेक ठोकत, ते आता यंत्रावर पडू लागले. हे खळगे शोभेचे नसतात, नेढं घसरून बोटात जाऊ नये म्हणून असतात. चांदीचं अंगुस्तान दिसायला देखणं, पण धातू मऊ असल्याने सुई त्यात आरपार जाई. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरने १८८४ मध्ये चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घालण्याचं पेटंट घेऊन त्यावर तोड काढली.

खालच्या बोटाची अडचण वेगळी आहे. वेल्स किंवा अमेरिकेतल्या पद्धतीत रजई लाकडी चौकटीवर ताणतात. एक हात वर, एक खाली. वरचा हात आखूड सुई उभी खुपसतो. टोक खालच्या बोटाला लागलं की तेच बोट त्याला पुन्हा वर लोटतं. सुई सगळ्या थरांतून पार गेली की नाही, हे त्या स्पर्शावरूनच कळतं. बोट जाड कवचात झाकलं तर टाका आंधळा होतो, उघडं ठेवलं तर रक्त येतं. मग कोणी पातळ चामड्याची टोपी घालतं, कोणी खाली चमचा धरतं, तर कोणी घट्टा पडेपर्यंत सोसतं.

साशिको या जपानी शिवणीत चौकट लागत नाही. कापड हातात धरून त्याच्या चुण्या लांब सुईवर चढवतात. नेढं बोटाच्या शेंड्याऐवजी मधल्या बोटाच्या मुळाशी टेकतं, म्हणून तिथलं अंगुस्तान म्हणजे तळहाताकडे चकती असलेली अंगठी. साधन कुठे घालायचं, हे असं शिवण्याची बैठक ठरवते.

आपल्याकडची गोधडी जमिनीवर पसरतात आणि शिवणारी बाई तिच्यावरच बसते. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून मध्याकडे शिवत नेतात. पसरलेल्या गोधडीत टोक जमिनीला लागून वर वळतं, म्हणजे चौकटीवर खालच्या बोटाने केलेलं काम इथे बरंचसं जमीन करते. त्रास उरतो तो ढकलण्याचा आणि ओढण्याचा. जाड थरांत अडकलेली सुई चिमटीत धरून खेचताना अंगठा आणि तर्जनी सोलवटतात. करंगळीला वेढा देऊन दोरा ताणला तर तो पेरात कापतो.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे जुनेर. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्यात सुई अलगद शिरते. कोऱ्या, घट्ट विणीच्या चादरीत तीच सुई अडते आणि सगळा जोर बोटावर येतो. म्हणून नवं कापड वापरायचंच असेल तर आधी धुऊन खळ काढावी. दोऱ्याला मेण लावलं की तो कमी घासतो. अडकलेली सुई नखांनी वा दातांनी ओढण्यापेक्षा रबराच्या तुकड्यात धरून ओढावी. अंगुस्तान मधल्या बोटावर असं बसावं, की हात झटकला तरी पडू नये आणि काढल्यावर बोट पांढरं पडलेलं दिसू नये. बोटाच्या बाजूने सुई ढकलणाऱ्या शिंप्यांना उघड्या तोंडाचं अंगुस्तान पुरतं, शेंड्याने ढकलणाऱ्यांना बंद हवं.

मधुमेहामुळे बोटं बधिर झालेल्यांनी जास्त जपावं, कारण टोचलेलं लक्षातच येत नाही आणि जखम चिघळते. गंजलेली सुई फेकून द्यावी, धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्यावी. गोधडीवर पडलेला रक्ताचा डाग गार पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने तो पक्का होतो.

आता गोधड्या प्रदर्शनांत विकायला येतात. गिऱ्हाइकाला टाका बारीक हवा असतो, भाव मात्र लांबी-रुंदीवर ठरतो. टाका निम्मा केला की त्याच ओळीत टाके दुप्पट होतात, आणि नेढं ढकलण्याच्या खेपाही दुप्पट. अंगुस्तान त्यातला काही भार हलका करील. उरलेला भार मजुरीत धरायला हवा, आणि तो हिशेब लांबी-रुंदीच्या फुटपट्टीने होणारा नाही.