अर्धशिशी : न दिसणाऱ्या दुखण्याची साक्ष

मराठीत कोणत्याही कटकटीला आपण सहज ‘डोकेदुखी’ म्हणतो. नळाला पाणी नाही, डोकेदुखी. सरकारी अर्ज भरायचा, डोकेदुखी. शब्द असा स्वस्त झाला की जिचं डोकं खरोखर दुखतं, तिचं बोलणंही स्वस्त होतं. मी कविता लिहिते, त्यामुळे शब्दांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. म्हणून आज अर्धशिशीविषयी आणि त्या दुखण्याची बाजू स्वतः मांडणाऱ्या स्त्रियांविषयी बोलते.

युनानी हकीम अर्धशिशीला ‘शकीका’ म्हणतात, आयुर्वेदात ती ‘अर्धावभेदक’. ‘मायग्रेन’ हा शब्दही अर्धी कवटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला. पण हे दुखणं अर्ध्या डोक्यापुरतं थांबत नाही. मळमळ, उलट्या, उजेड आणि आवाज नकोसा होणं, काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्या रेघा. उपचार झाले नाहीत तर एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतात आणि असं तीन महिन्यांहून अधिक चालतं, तेव्हा डॉक्टर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. हा मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा आजार आहे, स्वभावाचा दोष नव्हे.

पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो सुमारे तिप्पट आढळतो. संप्रेरकांच्या चढउताराचा त्यात मोठा वाटा आहे. २०१९ च्या जागतिक आकडेवारीत पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना अपंगत्व आणणाऱ्या कारणांत अर्धशिशी पहिली होती.

तरीही विश्वास कुणी ठेवत नाही. माझ्या आपाला रमजानमध्ये उपाशीपोटी हमखास झटका यायचा. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, ती कुराणातच सांगितली आहे. पण शेजारच्या बाया विचारायच्या, “डोकं दुखणं हा काय आजार झाला?” ताप थर्मामीटरमध्ये दिसतो, मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये दिसतो. आपाच्या दुखण्याला साक्षीदारच नव्हता. एकादशी, चतुर्थी धरणाऱ्या माझ्या मैत्रिणीही हेच सांगतात.

समाजशास्त्रज्ञ जोआना केम्पनर यांनी २०१४ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिलं. बायकांचं नाजूकपण म्हणून हा आजार कसा उडवून लावला जातो, हे त्यांनी त्यात दाखवलं. अमेरिकेत २००७ पासून रुग्ण, त्यांचे नातलग आणि डॉक्टर दरवर्षी लोकप्रतिनिधींना भेटतात आणि संशोधनासाठी निधी मागतात. दरवर्षी २१ जूनला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, लोक काळे चष्मे घालून उजेडाचा हा त्रास इतरांना दाखवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्याने अपंगत्वाच्या अर्जात अशा आजारांचा विचार कसा करायचा, याचा लेखी नियम काढला. मात्र त्यासाठी ‘दुखतं’ एवढं सांगून भागत नाही. डॉक्टरांचं निदान आणि नोंदी लागतात.

आपल्यालाही इथूनच सुरुवात करता येईल. एक साधी वही घ्यावी. तारीख, दुखणं किती तास टिकलं, जेवण चुकलं का, झोप किती झाली, पाळी कधी आली आणि गोळ्या किती घेतल्या, एवढं लिहावं. गोळ्यांचा हिशेब तर हवाच. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेत राहिलं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. अशी वही समोर आली की डॉक्टरांना निदान करणं सोपं जातं. पूर्वी झटके रोखायला बहुतेक रक्तदाबाची, फेफऱ्याची किंवा नैराश्याची औषधं वापरली जात. २०१८ पासून खास अर्धशिशीसाठी तयार केलेली इंजेक्शनंही आली आहेत. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडतातच असं नाही. पण या आजारावर स्वतंत्र संशोधन होऊ शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

डोकेदुखी अचानक आणि कधी नव्हे इतकी तीव्र असेल, सोबत ताप, बोबडी वळणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असेल, तर मात्र वहीत लिहीत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

आणि घरातल्यांसाठी एक विनंती. कुणी “दिवा मालवा, टीव्ही बंद करा” म्हणाली, तर कारण विचारण्याआधी दिवा मालवा. वही ती लिहीलच. पण तिच्या दुखण्याची पहिली साक्ष आपण द्यायची आहे.