माणूस अजून उत्क्रांत होतोय, की फक्त जुळवून घेतोय? गडचिरोलीच्या रक्तातलं उत्तर

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे, पण त्यातला तो 'की' घोळ घालतो. कसा, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातलं उदाहरण घेऊन बघू.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातलं एखादं गाव डोळ्यासमोर आणा. पावसाळा सरत आलाय, धानाच्या बांध्यांत पाणी आहे आणि घरोघरी ताप आहे. मलेरियाच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव राज्यात वर्षानुवर्षं पुढे राहिलंय. या गावाकडे मलेरियाविरुद्ध तीन बचाव आहेत. पहिला म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी. ती माणसाने शोधली, दुकानात किंवा आरोग्य केंद्रात मिळते, उद्या वापरणं थांबवलं तर बचावही थांबला. दुसरा बचाव शरीर स्वतः कमावतं. लहानपणापासून वारंवार ताप आलेल्या मोठ्या माणसाला मलेरिया होतो, पण सहसा तो जीवावर बेतत नाही. ही प्रतिकारशक्ती बाळाला वारशात मिळत नाही. काही वर्षं गाव सोडून शहरात राहिलात तर तुमचीही कमी होते.

तिसरा बचाव काहीजण जन्मतःच घेऊन येतात: सिकलसेलचं जनुक.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढाच तो बदल. डीएनएतलं एक अक्षर बदललं की झालं. आई-वडील दोघांकडूनही हे जनुक आलं तर तो सिकलसेलग्रस्त (एसएस): ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात. एकाकडूनच आलं तर तो वाहक (एएस): त्याला सहसा काही त्रास नसतो, आणि फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून त्याला मोठं संरक्षण मिळतं. आफ्रिकेतल्या अभ्यासांत हे संरक्षण सुमारे ९० टक्क्यांपर्यंत दिसलंय.

रक्तदोष आणि मलेरिया यांचा असा संबंध असेल, ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल मांडली. सिकलसेलसाठीचा पुरावा अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला. भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडलं होतंच. विदर्भात ते गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे, पण अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. 'आदिवासींचा आजार' असं लिहिलंत तर परीक्षक अडवतील, आणि बरोबरच करतील.

आता थोडं गणित. उत्क्रांती म्हणजे लोकसंख्येतलं जनुकाचं प्रमाण पिढ्यांगणिक बदलणं. एकटा माणूस उत्क्रांत होत नाही. समजा, एखाद्या समाजात सिकल जनुकाचं प्रमाण ०.१ आहे. हार्डी-वाइनबर्गनुसार १८ टक्के वाहक, १ टक्का ग्रस्त. (हे सूत्र लग्नं यदृच्छेने होतात असं धरतं. गोंड-माडियांत देवसंख्येनुसार सोयरीक जुळते, तिथे ते जपून लावा.) जुन्या काळी ग्रस्त मूल मूलबाळ होण्याआधीच दगावायचं असं धरलं, तरीही जनुक ०.१ वर टिकायचं असेल तर जनुक नसलेल्यांचा वाहकांच्या तुलनेत सुमारे ११ टक्के तोटा व्हायला हवा. म्हणजे मलेरिया किती मुलं उचलत असेल, विचार करा.

मग मलेरिया गेला तर? फायदा संपला, तोटा उरला. जनुक घटू लागेल: ०.१ वरून पुढच्या पिढीत ०.०९१. निम्म्यावर यायला १० पिढ्या, म्हणजे साधारण अडीचशे वर्षं. बघा, मच्छरदाणी हे 'नुसतं जुळवून घेणं' होतं ना? पण तिनेच निवडीची दिशा बदलली. हायड्रॉक्सीयुरियाने ग्रस्त माणूस जगला, त्याला मुलं झाली, की ही घट आणखी मंदावते. जुळवून घेणं आणि उत्क्रांती असे दोन वेगळे डबे नाहीतच.

मला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट पुढची. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, उद्दिष्ट २०४७. त्यात तपासणी आहे, विवाहपूर्व समुपदेशन आहे. समजा, वाहकाने वाहकाशी लग्न करायचं सगळ्यांनीच टाळलं. ग्रस्त बाळं जन्मणार नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. पण जनुकाचं काय? ते ग्रस्तांमधूनच गळत होतं, ती गळतीच बंद झाली. म्हणजे आजार संपेल आणि जनुक वाहकांमध्ये निवांत राहील. मलेरिया टिकून असेल तर वाढेलसुद्धा. 'निर्मूलन' आजाराचं, जनुकाचं नव्हे. प्रस्ताव लिहिताना हा फरक पहिल्या पानावर असू द्या.

आणि फिल्डवर जाण्याआधी एक. गडचिरोलीत १९८६ च्या सुमारास काम सुरू करणाऱ्या 'सर्च'च्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलवर होता. तो शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. तुम्हीही रक्ताचा थेंब मागायला जाल तेव्हा समोरची बाई विचारेल, "याचं माझ्या पोरीला काय?" आज त्याला उत्तर आहे: चंद्रपुरात आयसीएमआरचं हिमोग्लोबिन विकारांचं केंद्र आहे, औषध आहे. पण 'वाहक' हा शब्द गावात फुटला तर त्याच पोरीची सोयरीक मोडू शकते. निकाल कोणाला, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगणार, हे संमतीपत्रकात आधी ठरवा.

आता वही काढा. मलेरिया नाही, आणि उपचारांमुळे ग्रस्तांचा तोटा १०० ऐवजी ५० टक्के. ०.१ पासून सुरुवात करा. एका पिढीनंतर ०.०९५५ यायला हवं. नाही आलं तर भागाकारातली एकूण बेरीज पुन्हा तपासा, बहुतेकांची चूक तिथेच होते.