सह्याद्रीविषयी काही रूढ समजुती

कोकणातून मान वर करून पाहणाऱ्याला सह्याद्री उभ्या तटासारखा भासतो, आणि त्याच्याविषयीच्या बहुतेक समजुती या एकाच बाजूच्या दर्शनातून जन्मल्या असाव्यात. भूमीला घड्या पडून हिमालय जसा उंचावला तसाच हाही उंचावला, किंवा याची शिखरे म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींची मुखे होत, असे चांगले सुशिक्षित लोकही सांगतात. वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात जो लाव्हारस पसरला, तो मुख्यतः भूकवचाच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर साचत गेला. पुढे सेशेल्सची भूमी भारतापासून विलग झाली, पश्चिमेकडचा भाग खचला, आणि उघडी पडलेली पठाराची जी कड पाऊस व ओढेनाले लक्षावधी वर्षे कोरीत पूर्वेकडे हटवीत राहिले, तिलाच आपण महाराष्ट्रात सह्याद्री म्हणतो. पठाराचा कल पूर्वेकडे असल्यामुळेच गोदावरी, भीमा आणि कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या निकट उगम पावूनही बंगालच्या उपसागराची वाट धरतात.

कोणताही कडा जवळून न्याहाळावा, म्हणजे हा इतिहास डोळ्यांनी वाचता येतो. घट्ट काळ्या पाषाणाचा थर सरळ उभा तुटलेला असतो. त्याखालचा सच्छिद्र थर झिजून उतार झालेला असतो आणि त्यावर गवत व झुडपे धरलेली असतात. मधूनच गेरूसारखी तांबडी पट्टी जाते, ती दोन उद्रेकांमधल्या अवकाशात खडक कुजून झालेल्या मातीची. घट्ट पाषाणात पाणी फारसे साठत नाही. त्यामुळेच आषाढात धबधब्यांनी न्हाऊन निघणाऱ्या कित्येक वाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, आणि ‘घाटमाथ्यावर पाण्याला काय तोटा’ हे शहरवासीयांचे म्हणणे तेथील बायाबापड्यांना क्रूर वाटते.

दुसरी समजूत अशी, की या पर्वताने कोकण आणि देश यांना युगानुयुगे परस्परांपासून तोडून ठेवले आणि इंग्रजांनी रस्ते व लोहमार्ग काढले तेव्हा कुठे दळणवळण सुरू झाले. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली वर चढली हे खरे. परंतु जुन्नरकडून नाणेघाटास जाणाऱ्याने, सपाटीवरून चालता चालता जेथे जमीन एकाएकी संपते, तेथे क्षणभर थांबावे. कातळ फोडून केलेली फरसबंद वाट खाली कोकणात उतरते. माथ्याशी कोरलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेदाखल दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण यांचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अंकांत नोंदलेले आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा सांगते. सोपारा व कल्याण या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरच्या पेठेत येई. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणीही अशाच व्यापारी वाटांच्या आश्रयाने उभी राहिली, आणि कार्ल्याच्या स्तंभांवर तर यवन दात्यांची नावे आहेत.

येथील यच्चयावत दुर्ग शिवाजी महाराजांनी बांधले, असे मानण्यात भक्ती आहे, इतिहास नाही. प्रतापगड त्यांनी उभारला. पण पन्हाळा शिलाहारांच्या काळचा, आणि शिवनेरीवर तर त्यांचा जन्मच झाला. जुनी स्थळे हेरून त्यांचे राज्य करण्यात त्यांची थोरवी अधिकच दिसते.

मला सर्वांत घातक वाटते ती सड्यांविषयीची समजूत. महसुली दप्तरात लागवडीस निरुपयोगी म्हणून पोटखराब ठरलेले हे उघडे कातळ ओसाड आहेत, अशी सर्वसाधारण धारणा असते. कासचा सडा जांभ्याचा, वर मातीचा थर काही बोटांचा. परंतु पाऊस लागताच त्या थरातून गेंद, सीतेची आसवे आणि तेरडा उमलतात. मातीत नत्र तुटपुंजे म्हणून दवबिंदूसारखी इवली वनस्पती चिकट केसांनी कीटक धरून आपली गरज भागवते. पाणथळीतला वायतुरा तर सह्याद्रीच्या मोजक्या पठारांबाहेर आढळत नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासचाही समावेश आहे.

तरीही सद्हेतूने, उजाड जागा हिरवी करावी म्हणून, काही सड्यांवर खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावण्यात आली. ज्या तृणांना व कंदांना उघडे ऊन आणि तोच पातळ थर हवा, ती त्या सावलीत व पाचोळ्याखाली तगत नाहीत. झाडे लावायची तर हिरडा, जांभूळ, अंजनी यांना खालचे तुटके उतार आहेतच. तेथे माती आहे, आणि कुऱ्हाडीने झालेली हानीही तेथेच आहे.